ऊन आहे तोवर तार जिवंत

छतावर सोलर बसवणाऱ्या वायरमनला घरातल्या विजेचे काम उत्तम येत असेल, तरी तेवढे ज्ञान पुरत नाही. काही बाबतीत तर जुनी सवयच घात करते.

घरातल्या विजेचे काम शिकायला आलेल्या मुलाला पहिला धडा मिळतो तो मेन स्विचचा. मेन बंद कर, टेस्टर लावून बघ, दिवा लागत नाही ना, मगच तारेला हात लाव. आयटीआयमधल्या शिक्षकापासून गल्लीतल्या जुन्या वायरमनपर्यंत सगळे हेच सांगतात, आणि या एका सवयीने आजवर कितीतरी जीव वाचवले आहेत. छतावरच्या सोलर पॅनेलपाशी मात्र हा धडा अपुरा पडतो. तिथे मेन बंद केला, इन्व्हर्टर बंद केला, अगदी खांबावरून येणारा पुरवठा तोडला, तरी पॅनेलकडून निघालेल्या तारांमध्ये वीज असतेच. उजेड आहे तोवर ती असते.

हा फरक आता लाखो घरांच्या छतांवर पोहोचला आहे. 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एक कोटी घरांवर सौर यंत्रणा बसवण्याचे तिचे उद्दिष्ट आहे आणि त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आहे. तीन किलोवॉटच्या घरगुती यंत्रणेला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. या योजनेत गुजरात आणि महाराष्ट्र आघाडीवर आहेत. शेतात सौर कृषिपंप बसत आहेत ते वेगळेच. इतकी कामे निघाली, की ती करणारे हातही तितकेच लागतात. त्यातले बरेच हात घरगुती वायरिंग, इन्व्हर्टर-बॅटरी किंवा फॅब्रिकेशनच्या कामातून इकडे वळलेले असतात. हे लोक कामात कच्चे असतात असे नाही. अडचण अशी की, त्यांच्या हाताला लागलेली वळणे एसी विजेची आहेत आणि छतावरची वीज डीसी आहे.

तीनशे व्होल्ट आणि न विझणारी ठिणगी

साधारण ५५० वॉटच्या एका पॅनेलचे मोकळ्या टोकांवरचे व्होल्टेज पन्नासच्या आसपास असते. एकटे पॅनेल उचलून नेताना म्हणूनच फारसे भय वाटत नाही. पण तीन किलोवॉटच्या यंत्रणेत अशी सहा पॅनेल एकापाठोपाठ एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडतात. या माळेला 'स्ट्रिंग' म्हणतात. स्ट्रिंगच्या दोन टोकांमध्ये तीनशे व्होल्ट तयार होतात. पाच-सहा किलोवॉटच्या घरात हा आकडा पाचशेवर जातो आणि कारखान्याच्या छतावर हजाराच्या घरात.

'आज ढग आहेत, काही होत नाही,' हा छतावर हमखास ऐकू येणारा गैरसमज. ढग आले की पॅनेलचा करंट खूप कमी होतो, व्होल्टेज मात्र फारसे उतरत नाही. सकाळी चांगले उजाडले की स्ट्रिंगचे बरेचसे व्होल्टेज तयार झालेले असते. उलट थंडीत ते वाढते. तापमान एका अंशाने उतरले की व्होल्टेज साधारण पाव टक्क्याने चढते. निफाडकडे हिवाळ्यात पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. तिथे बारा पॅनेलच्या स्ट्रिंगचे कागदावरचे सहाशे व्होल्ट थंडीतल्या सकाळी सव्वासहाशेच्या पुढे जाऊ शकतात. इन्व्हर्टरची मर्यादा सहाशेचीच असेल, तर तो जळण्याचे कारण बसवतानाच तयार झालेले असते. हा हिशेब पॅनेल चढवण्याआधी करायचा असतो.

व्होल्टेजपेक्षाही महत्त्वाचा फरक ठिणगीचा आहे. आपल्या घरातली एसी वीज सेकंदाला ५० वेळा पूर्ण हेलकावा घेते आणि त्यात १०० वेळा शून्यावर येते. स्विच उघडताना उडालेली ठिणगी त्या शून्याच्या क्षणी आपोआप विझते. डीसी कधीच शून्यावर येत नाही. वाहत्या करंटची तार सुटली किंवा जोड सैल झाला, तर मधल्या हवेच्या फटीतून ठिणगीची सलग ज्योत पेटते. तिला 'आर्क' म्हणतात. तिचे तापमान काही हजार अंशांवर असते. प्लॅस्टिक, तारेचे आवरण, लाकूड, पत्र्याखालचा थर्माकोल यांना पेटायला एवढे पुरेसे असते. वेल्डिंगचे काम पाहिलेल्या माणसाला हे चटकन कळते. सैल जोड म्हणजे कुणाचे लक्ष नसताना चालू राहिलेले छोटे वेल्डिंग.

म्हणूनच डीसी बाजूला एसीचा स्विच किंवा एसीची एमसीबी चालत नाही. एसीच्या एमसीबीला शून्याच्या क्षणाची मदत मिळते. डीसीच्या एमसीबीला ती मिळत नाही, म्हणून तिची रचना वेगळी असते. काही डीसी एमसीबींवर अधिक आणि वजा अशा खुणा असतात. त्या उलट जोडल्या तर रोजच्या वापरात काही कळत नाही, पण ऐन वेळी ती एमसीबी आर्क विझवू शकत नाही आणि स्वतःच पेटते. दुकानात दोन्ही एमसीबी शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात आणि दिसायलाही सारख्याच असतात. किमतीतला फरक वाचवणारा माणूस नेमकी इथे चूक करतो.

शॉर्ट झाले तरी काहीच पडत नाही

घरात दोन तारा चिकटल्या की शेकडो अँपिअर करंट धावतो आणि एमसीबी खटकन पडते. 'काही झाले तर एमसीबी पडेलच,' हा भरवसा प्रत्येक वायरमनच्या मनात मुरलेला असतो. पॅनेलच्या बाबतीत हा भरवसा खोटा ठरतो.

कारण पॅनेलच्या मागे रोहित्र नाही, ऊन आहे. जेवढे ऊन तेवढाच करंट. ५५० वॉटचे पॅनेल नेहमीच्या कामात सुमारे १३ अँपिअर देते. त्याच्या दोन्ही तारा थेट एकमेकींना जोडल्या तरी करंट १४ च्या आसपासच जातो. तेरा आणि चौदा यांतला फरक कोणत्याही फ्यूजला किंवा एमसीबीला कळत नाही. छतावर उंदराने तार कुरतडली, पत्र्याच्या धारेने आवरण कापले आणि दोन तारा एकमेकींत भिडल्या, तर खाली वीज कमी तयार होते आहे एवढेच दिसेल. वर मात्र तो जोड दिवसभर तापत राहील.

यातून एक साधी गोष्ट निघते. घरात वायरिंगमधली चूक संरक्षक साधन पकडते. छतावर ती जवळजवळ पूर्णपणे बसवणाऱ्याच्या हाताने टाळायची असते. तार कुठून नेली, कशी बांधली, जोड किती घट्ट बसला, यांवरच सुरक्षितता ठरते.

काळी तार, निऑनचा टेस्टर आणि पिनांचा जोड

एसीच्या कामात काळी तार म्हणजे न्यूट्रल. तिला नियमाने सांभाळतात, पण मनात तिचे भय कमी असते. सोलरच्या डीसीमध्ये लाल तार अधिक आणि काळी तार वजा. दोन्ही सारख्याच धोक्याच्या. काळी दिसली म्हणून हात सैल पडला, तर ती चूक डोळ्यांना लागलेल्या सवयीची असते.

तीच गत टेस्टरची. खिशातला निऑनचा टेस्टर एसीत फेज दाखवतो, कारण तिथे न्यूट्रल जमिनीशी जोडलेला असतो. घरगुती सोलरमध्ये पॅनेलच्या दोन्ही तारा बहुधा जमिनीपासून वेगळ्या ठेवलेल्या असतात. अशा तारेवर टेस्टर लागेलच असे नाही, आणि न लागलेल्या टेस्टरवर विसंबणे जिवावर बेतू शकते. इथे डीसी व्होल्ट मोजणारा, त्या व्होल्टेजला साजेसा मल्टिमीटर लागतो. करंट पाहायचा तर टाँग टेस्टरही डीसी मोजणारा हवा. बाजारातले बरेच स्वस्त टाँग टेस्टर फक्त एसीचा करंट मोजतात. डीसीच्या तारेभोवती ते शून्य दाखवतात, आणि वाचणाऱ्याला वाटते, करंट नाही.

मग येतो जोड. पॅनेलच्या तारांच्या टोकाला 'एमसी४' पद्धतीचे कनेक्टर असतात. खटकन बसतात, दिसायला सोपे. पण आतली धातूची पिन तारेवर योग्य क्रिम्पिंग टूलनेच दाबायची असते. साध्या पकडीने चेपलेली पिन वरून ठीक दिसते. आत मात्र ती तारेच्या थोड्याच केसांना धरून असते. पहिल्या दिवशी यंत्रणा सुरू होते, युनिटही पडतात. पुढे दररोज दुपारी तो जोड तापतो, रात्री थंड होतो, हळूहळू सैल पडतो आणि दोन-तीन वर्षांनी वितळतो. वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसतात, पण त्यांची मापे आणि धातूवरचा मुलामा तंतोतंत जुळतोच असे नाही. म्हणून एका जोडाची दोन्ही टोके एकाच कंपनीच्या एकाच प्रकारची असावीत, हा या कामातला पक्का नियम आहे.

करंट वाहत असताना हा कनेक्टर कधीही ओढून काढायचा नसतो, कारण तिथे हातातच आर्क पेटतो. आधी इन्व्हर्टरची एसी बाजू बंद करायची, मग डीसी आयसोलेटर, मग टाँग टेस्टरने करंट शून्य झाल्याची खात्री, आणि मगच कनेक्टरला हात. शून्य करंटचा अर्थ शून्य व्होल्टेज नव्हे, हेही ध्यानात ठेवायचे. उघड्या टोकांवर तीनशे व्होल्ट तसेच असतात.

पहिला दोष गप्प असतो

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्ड गावी ५ एप्रिल २००९ रोजी एका मोठ्या दुकानाच्या छतावरची सौर यंत्रणा पेटली. या आगीचा पुढे बारकाईने अभ्यास झाला. तिथल्या रचनेत पॅनेलची एक बाजू जमिनीशी जोडलेली होती. त्याच बाजूच्या एका तारेचे आवरण आधीच खराब होऊन ती धातूला टेकली होती. पण संरक्षक फ्यूजच्या दृष्टीने काहीच घडले नव्हते, म्हणून तो गप्प राहिला. नंतर दुसऱ्या बाजूच्या तारेत दोष झाला. तेव्हा मोठा करंट या दोन्ही दोषांमधून नको त्या वाटेने वाहू लागला आणि आग लागली. पहिला दोष वेळीच दिसला असता तर दुसऱ्याने एवढे नुकसान केले नसते. या अभ्यासानंतर तिथे असा लपलेला दोष ओळखणारी साधने आणि नियम पुढे आले.

आपल्याकडच्या नव्या इन्व्हर्टरमध्ये ही सोय असते. रोज सुरू होण्याआधी तो पॅनेलच्या तारांचे इन्सुलेशन तपासतो आणि ते कमी भरले तर 'आयसो फॉल्ट' किंवा 'इन्सुलेशन फॉल्ट' असा इशारा देऊन थांबतो. पावसाळ्यातल्या सकाळी हा इशारा बऱ्याच घरांत दिसतो. दुपारी ऊन पडले, तारा वाळल्या, की तो जातो. मग घरमालकाला उत्तर मिळते, 'पावसाने येतो, आपोआप जाईल.' खरे तर पाऊस हे कारण नसते. कुठेतरी आवरण फाटलेले असते किंवा कनेक्टरच्या आत पाणी शिरलेले असते, आणि पावसाने ते फक्त उघडे पाडलेले असते. इशारा रिसेट करणे म्हणजे ताप मोजून थर्मामीटर झटकून ठेवण्यासारखे आहे.

अशा वेळी मेगरने तारेचे इन्सुलेशन मोजून दोष शोधायचा असतो. पाचशे व्होल्टपर्यंतच्या घरगुती यंत्रणेत पाचशे व्होल्टवर मोजलेला रोध एक मेगाओमपेक्षा कमी असता कामा नये, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. हीच मोजणी यंत्रणा पहिल्यांदा सुरू करण्याआधीही करायची असते. ती झाली असेल तर तिचा कागद असतो.

अर्थिंगचेही तसेच. पॅनेलच्या अॅल्युमिनियम चौकटीवर विजेला अडवणारा मुलामा असतो. त्यावर नुसता बोल्ट आवळला तर अर्थिंगची तार बांधलेली दिसते, पण जोडलेली नसते. मुलामा फोडणारे दातेरी वॉशर लागतात. कोकणात खारी हवा असते. तिथे तांबे आणि अॅल्युमिनियम थेट एकमेकांवर आवळले तर काही पावसाळ्यांत तो जोड खाऊन जातो.

सुरक्षेचे साधनच पेटले

ऑस्ट्रेलियात घराघरांवर पॅनेल आहेत. छतावर काम करणाऱ्याला आणि अग्निशमन दलाला सोयीचे व्हावे म्हणून तिथे छतावरच डीसी आयसोलेटर बसवण्याची सक्ती होती. हेतू चांगला होता. प्रत्यक्षात उन्हापावसात उघड्यावर बसलेल्या त्या डब्यांमध्ये पाणी शिरू लागले आणि सौर यंत्रणांच्या आगींमध्ये हेच डबे मोठे कारण ठरले. अखेर २०२१ च्या सुधारित मानकात छतावरच्या आयसोलेटरची सरसकट सक्ती काढून पर्याय देण्यात आले. ब्रिटनमध्येही बीआरई या संस्थेने सौर यंत्रणांच्या आगींचा तपास केला, तेव्हा डीसी आयसोलेटर आणि चुकीची जोडणी ही कारणे ठळकपणे पुढे आली.

यातून बसवणाऱ्याने घ्यायचा धडा साधा आहे. डबा चांगला असून भागत नाही. त्यात तार खालून घ्यायची की वरून, ग्लँड घट्ट आहे का, पाइपचे तोंड आभाळाकडे तर नाही ना, हे ज्याला कळते त्याच्याच हातून डबा कोरडा राहतो.

इथे भीतीला थोडा लगामही घालायला हवा. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या अभ्यासानुसार, तिथल्या सुमारे तेरा लाख यंत्रणांपैकी ०.००६ टक्के यंत्रणांमुळे मोठे नुकसान करणारी आग लागली. म्हणजे लाखात सहा. सोलर ही मुळात धोक्याची वस्तू नाही. हा आकडा इतका लहान आहे तो प्रशिक्षित हात, ठरलेली मानके आणि काम संपल्यावरची तपासणी असलेल्या देशातला आहे, एवढेच विसरायचे नाही.

शरीराला काय होते

घरातल्या एसी विजेत सुमारे दहा मिलिअँपिअर करंट शरीरातून गेला तरी हाताचे स्नायू आखडतात आणि तार सोडवत नाही. हृदयाची लय बिघडवायला डीसीला एसीपेक्षा जास्त करंट लागतो हे खरे, पण त्यावर विसंबण्यात अर्थ नाही. शरीराचा रोध साधारण हजार ओम धरला तर तीनशे व्होल्ट तीनशे मिलिअँपिअर ढकलतात, आणि एवढा करंट जीव घेऊ शकतो. उन्हात घामाने भिजलेल्या हातांचा रोध आणखी कमी असतो. स्ट्रिंगची एक तार आधीच कुठे चौकटीला टेकलेली असेल, तर दुसऱ्या तारेला बोट लागताच मधले शरीर सर्किट पूर्ण करते. घरातल्या आरसीसीबीचे डीसी बाजूकडे लक्ष नसते, म्हणून ती अशा वेळी मदतीला येत नाही.

छतावर धक्का लहान असला तरी पुरतो. झटक्याने तोल जातो आणि माणूस पत्र्यावरून किंवा कठड्यावरून खाली येतो. म्हणून सेफ्टी बेल्ट हा विजेच्या सुरक्षेचाही भाग आहे.

धक्का बसलेल्या माणसाला थेट हात लावू नये. पॅनेलच्या बाजूचा पुरवठा मेन बंद करून जात नाही, त्यामुळे कोरड्या लाकडाने किंवा प्लॅस्टिकच्या वस्तूने त्याला तारेपासून दूर करावे. श्वास किंवा नाडी लागत नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या वेगाने जोरात दाब देत राहावे आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. माणूस उठून बसला, बोलू लागला, तरी त्याला दवाखान्यात न्यायलाच हवे. विजेचा भाजलेला डाग बाहेर रुपयाएवढा दिसतो, पण आत स्नायू जळालेले असू शकतात. त्या स्नायूंतले द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडांवर ताण येतो. हृदयाची लयही बिघडू शकते, म्हणून ईसीजी काढतात. लघवी गडद, चहासारखी झाली तर ते लक्षण डॉक्टरांना लगेच सांगावे.

खांबावर चढलेल्या माणसाचा जीव

चुकीच्या जोडणीची किंमत नेहमी त्याच घरात चुकवली जाते असे नाही. वीज गेली की ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर आपोआप थांबतो. तो दोन सेकंदांच्या आत थांबला पाहिजे, असे मानक आहे. लोकांना याचा राग येतो. 'एवढे सोलर लावून लाइट गेल्यावर अंधारच!' मग कुणीतरी जुना बॅटरी-इन्व्हर्टर किंवा जनरेटर त्यात जोडून देतो. हे काम योग्य चेंजओव्हरशिवाय झाले, तर घरातली वीज उलट दिशेने मीटरमधून बाहेर पडते. रोहित्रातून उलटी जाताना ती २३० व्होल्टची ११ हजार व्होल्ट होऊ शकते. लाइन बंद आहे असे समजून खांबावर काम करणारा लाइनमन तिथे असतो. म्हणून लाइनमनला तार आधी तपासून अर्थ करायला शिकवतात, आणि म्हणूनच बॅकअप हवा असेल तर त्यासाठीच बनवलेला हायब्रिड इन्व्हर्टर आणि स्वतंत्र सर्किट लागते.

शिकायचे कुठे

नियमानुसार विजेचे काम परवानाधारक ठेकेदाराने, परवाना असलेल्या माणसांकडून आणि देखरेखीखाली करायचे असते. आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्री होऊन आलेल्या तरुणाचा पाया पक्का असतो. त्यावर डीसीचे शिक्षण चढवायला हवे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सुरू केलेला 'सूर्यमित्र' अभ्यासक्रम त्यासाठीच होता. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेमार्फत चालवलेले ते सुमारे तीन महिन्यांचे, ६०० तासांचे प्रशिक्षण आहे.

पण छतावर एका प्रशिक्षित माणसासोबत दोन-तीन मदतनीस असतात. पॅनेल चढवणे, तार ओढणे आणि कित्येकदा कनेक्टर क्रिम्प करणे हे त्यांच्याच हातून होते. जे ज्ञान एकाच्या प्रमाणपत्रात आहे ते सगळ्यांच्या हातात उतरले तरच उपयोग. दिवसाला किती छते पूर्ण झाली यावर पैसे मिळत असतील, तर मेगर बॅगेतच राहतो.

घाईची किंमत काय असते, हे ऑस्ट्रेलियाने छताच्याच दुसऱ्या एका कामात पाहिले. घरांच्या छतांखाली उष्णतारोधक थर बसवण्यासाठी सरकारने २००९ मध्ये मोठे अनुदान जाहीर केले. रातोरात कंपन्या उभ्या राहिल्या आणि नवशिकी मुले माळ्यांवर चढली. चार तरुण कामगार दगावले, त्यांतले तिघे विजेच्या धक्क्याने. वर्षभरात ती योजना गुंडाळावी लागली आणि २०१४ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला. योजना वाईट नव्हती. अनुदान प्रशिक्षणाच्या आधी पोहोचले होते.

आपल्या देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मरतात. त्यात छतावरच्या नव्या कामाची भर पडू नये, यासाठी घरमालकही थोडे करू शकतो. काम देताना पुढचे प्रश्न विचारायला अभियंता असावे लागत नाही:

- छतावर येणाऱ्यांपैकी डीसीचे प्रशिक्षण कुणाचे झाले आहे? ठेकेदाराचा परवाना पाहता येईल का?
- डीसी एमसीबी आणि आयसोलेटरवर 'डीसी' आणि त्यांचे व्होल्टेज छापलेले आहे का?
- कनेक्टर कोणत्या कंपनीचे आहेत आणि क्रिम्पिंग टूल सोबत आहे का?
- तार उन्हात टिकणारी सोलर डीसी केबल आहे, की साधी घरगुती?
- इन्सुलेशन आणि अर्थिंग मोजल्याचे आकडे लिहून मिळतील का?
- वीज गेल्यावर यंत्रणा थांबते, हे मेन बंद करून दाखवाल का?

काम जाणणारा माणूस या प्रश्नांनी चिडत नाही. उलट त्याला बरे वाटते, कारण मेगर लावायला जो अर्धा तास जातो तो कशासाठी, हे आता गिऱ्हाइकालाही कळलेले असते. यंत्रणा पंचवीस वर्षे चालावी अशी अपेक्षा असते. निदान वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, कनेक्टर, डबे आणि अर्थिंग तपासून घ्यावे. पॅनेल धुण्यासाठी छतावर जाणाऱ्या घरच्या माणसालाही एवढे सांगून ठेवावे, की लोंबणारी, सोललेली किंवा काळवंडलेली तार दिसली तर तिला हात न लावता खाली यायचे आणि वायरमनला बोलवायचे.